वाळवंटातल्या हिरवळीचा जमाखर्च

अमिरातीतलं गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेचे मनोरे, त्यांच्या पायथ्याशी अंथरलेली हिरवळ आणि टीव्हीवरची स्पर्धा येते. मी ज्या मैदानाचा कारभार पाहते, ते या चित्रात बसत नाही. नऊ होल, साधं क्लबघर, सरकारी मालकी, रस्त्यापलीकडे भाड्याच्या घरांच्या इमारती, आणि नफा-तोटा पत्रकाच्या शेवटच्या ओळीत दरवर्षी कंसातला आकडा. मी मूळची लातूरची. लग्नानंतर शारजाला आले, हिशेब लिहायच्या कामावर या मैदानात शिरले आणि पुढे मैदानच हाती आलं. त्याचं नाव इथे सांगत नाही. नावावाचून काही अडत नाही.

अशा मैदानाच्या तोट्यात खरं तर दोन तोटे एकत्र मिसळलेले असतात. एक ढिलाईतून येतो: फुटलेली पाइपलाइन, रिकामी गेलेली सकाळ, चुकीच्या महिन्यात टाकलेलं बी. दुसरा शहराने जाणूनबुजून द्यायच्या सेवेचा असतो. पहिला शोधून बंद करायचा आणि दुसरा मोजून, नाव देऊन, उघडपणे मागायचा. आमच्या धंद्यात हे दोन्ही एकाच ओळीत लिहायची पद्धत आहे आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

१. नफा कुणाच्या खात्यात जमा होतो, ते आधी पाहा

दुबईचा एमिरेट्स गोल्फ क्लब १९८८ साली सुरू झाला. आखातातलं हे पहिलं गवताचं अठरा होलचं स्पर्धायोग्य मैदान. शेख मोहम्मद बिन रशीद अल मक्तूम यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं, आखणी कार्ल लिटन यांची. त्या वेळी चहूकडे वाळू होती. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, तिथे युरोपियन टूरची डेझर्ट क्लासिक स्पर्धा भरली आणि दुबईचं नाव जगभरच्या क्रीडापानांवर जाऊ लागलं. २००४ साली टायगर वुड्सने बुर्ज अल अरबच्या हेलिपॅडवरून समुद्राच्या दिशेने चेंडू मारला, तो फोटो आजही फिरतो. रोरी मॅकिलरॉयचं व्यावसायिक कारकिर्दीतलं पहिलं विजेतेपद २००९ साली याच स्पर्धेत आलं. या सगळ्याची किंमत कुठल्याही क्लबच्या वहीत नोंदलेली नसते. ती विमानाच्या तिकिटांत, हॉटेलांच्या खोल्यांत आणि जमिनीच्या भावात वसूल होते.

घरांचंही तसंच. एमिरेट्स हिल्स, अरेबियन रँचेस, जुमेरा गोल्फ इस्टेट्स या वसाहती मैदानाभोवती वसल्या. खिडकीतून हिरवळ दिसणाऱ्या घराला जास्त दर मिळतो, आणि मैदान एकट्याने तोट्यात गेलं तरी एकूण व्यवहार तोट्यात जात नाही.

आमच्या मैदानाने एकही घर विकलेलं नाही. रस्त्यापलीकडच्या गच्च्यांमधून हिरवळ दिसते, त्याचं भाडं घरमालकाला मिळतं. पाण्याचं बिल मात्र आमच्या टेबलावर येतं. हे समजल्यावर मोठ्या क्लबांशी तुलना करणं मी सोडून दिलं. आमची खरी तुलना सार्वजनिक बागेशी आहे. बागेला तिकीटखिडकी नाही, म्हणून तिला कुणी नफा विचारत नाही. आमच्याकडे खिडकी आहे, म्हणून विचारतात.

पण लगेच दुसरा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. बागेत संध्याकाळी हजार माणसं येतात. इथे दिवसभरात मूठभर खेळाडू. त्यांच्यासाठी सार्वजनिक पैसा का? या प्रश्नावर चिडणाऱ्या गोल्फवाल्यांशी माझं कधी जमलं नाही. त्याचं उत्तर कामातूनच द्यावं लागतं, आणि पुढचे बरेचसे धडे त्या उत्तरासाठीच शिकावे लागले.

नगरपालिकेचं मैदान कमावू शकतच नाही, असंही नाही. कॅलिफोर्नियातलं टॉरी पाइन्स सॅन दिएगो शहराच्या मालकीचं आहे. २००८ आणि २०२१ मध्ये अमेरिकेची खुली स्पर्धा तिथे झाली. तिथे शहरातल्या रहिवाशाला कमी दर आणि बाहेरून आलेल्याला कितीतरी जास्त. ही दुहेरी दराची पद्धत आम्ही उचलली: अमिरातीचं ओळखपत्र दाखवणाऱ्याला एक दर, हॉटेलमार्फत येणाऱ्या पर्यटकाला दुसरा. फक्त टॉरी पाइन्सला प्रशांत महासागराचा कडा आणि बारमाही सौम्य हवा आहे. आमच्याकडे जुलै आहे.

२. एक हेक्टर, एक मिलिमीटर, एक टँकर

पाण्याचं गणित मला पुस्तकातून समजलं नाही, टँकरमधून समजलं. एक हेक्टर गवतावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा घनमीटर, म्हणजेच दहा हजार लिटर, म्हणजे आपल्याकडचा एक मोठा टँकर. भर उन्हाळ्यात इथे गवताला दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे दर हेक्टरी रोज सात-आठ टँकर. पंधरा हेक्टर ओलिताखाली असतील तर दिवसाला शंभराहून जास्त टँकर.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होतं, म्हणजे पन्नास टँकर. माझे आईवडील त्या शहरात राहतात. पंधरा हेक्टरचं एक छोटं गोल्फ मैदान अशा दोन गाड्यांपेक्षा जास्त पाणी एका दिवसात पितं, हे ज्याला माहीत आहे त्याने ते विसरून या खुर्चीत बसू नये, असं मला वाटतं.

अर्थात आमचं पाणी पिण्याचं नाही. सुरुवातीच्या काळात इथली मैदानं समुद्राचं पाणी गोडं करून जगवली जात. आता शुद्ध केलेलं सांडपाणी वापरण्यावर भर आहे. दुबई नगरपालिकेची वर्सान आणि जेबेल अली इथली मोठी शुद्धीकरण केंद्रं आहेत, आणि शहरातल्या रस्त्याकडेची झाडं, बागा, मैदानं यांना त्या पाण्याचा आधार आहे. हे पाणी स्वस्त पडतं, पण त्याच्याही अटी आहेत. उन्हाळ्यात ते सगळ्यांनाच एकाच वेळी हवं असतं. त्यात क्षार जास्त असतात. ते मुळांजवळ साचू नयेत म्हणून मधूनमधून गरजेपेक्षा जास्त पाणी देऊन जमीन धुवून काढावी लागते. हे ज्याने बजेटमध्ये धरलं नाही, त्याचं गवत ऑगस्टमध्ये पिवळं पडतं आणि मग तो घाईघाईने खत टाकतो, म्हणजे आणखी क्षार.

पाणी वाचवण्याची आमची पहिली पायरी फुकटात झाली. रात्री पाणी सुरू करण्याआधी फेअरवेवर, म्हणजे टी (पहिला फटका मारायची जागा) आणि ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) यांच्या मधल्या पट्ट्यावर, ठरावीक अंतराने सारखे डबे मांडले आणि सकाळी प्रत्येक डब्यातलं पाणी मोजलं. कुठे डबा अर्धा भरलेला, कुठे तळ जेमतेम ओला. कोरड्या जागेसाठी सगळ्या मैदानाला जास्त पाणी देण्याची सवय आम्हाला लागली होती. झिजलेल्या तोट्या बदलल्या, वाकलेले स्प्रिंकलर सरळ केले, आणि उरलेल्या कोरड्या तुकड्यांना माणसाने हातात नळी धरून पाणी देण्याची पद्धत सुरू केली. महागड्या संगणकीय यंत्रणेचा प्रस्ताव त्या वर्षी मी बाजूला ठेवला. आधी तोट्या.

३. गवत कमी केलं म्हणून खेळ कमी होत नाही

या देशात गोल्फ गवताच्या आधी आलं. तेल कंपन्यांतले आणि बँकांमधले परदेशी नोकरदार वाळूवर खेळत. दुबई कंट्री क्लब १९७१ साली सुरू झाला. तिथलं मैदान वाळूचंच होतं. २००७ मध्ये तो बंद पडला. अबू धाबीत विमानतळाजवळ अल गझालचं वाळूचं मैदान होतं. वाळूत खेळणारा कृत्रिम हिरवळीचा एक छोटा तुकडा बरोबर घेऊन फिरायचा. चेंडू फेअरवेच्या हद्दीत पडला तर तो तुकड्यावर ठेवून मारायचा. ग्रीनच्या जागी तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे सपाट गोल असत, त्यांना ब्राउन म्हणत. खेळून झालं की पावलांच्या खुणा झाडून पुढे जायचं. ती माणसं मनापासून खेळत, स्पर्धा भरवत, आणि पाण्याचं बिल जवळपास शून्य.

मी काही मैदान पुन्हा वाळूचं करा म्हणत नाही. आजचा खेळाडू ते मानणार नाही. पण नऊ होलच्या मैदानात चेंडू जिथे कधीच पडू नये अशी जागा किती असते, हे एकदा नकाशावर रंगवून बघावं. टीच्या पुढचा पहिला पट्टा, कुंपणाकाठची पट्टी, दोन फेअरवेंमधला रुंद भाग, सरावाच्या मैदानाचं दूरचं टोक. आमच्या नकाशावर हा रंग अपेक्षेपेक्षा खूप पसरला. तिथलं गवत टप्प्याटप्प्याने काढलं, वाळू दाबून वर खडी पसरली आणि घाफची रोपं लावली. घाफ म्हणजे आपली शमी. अमिरातीचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. एकदा मूळ खोल गेलं की त्याला आमची गरज उरत नाही. पहिली काही वर्षं मात्र ठिबकने पाणी द्यावंच लागतं, आणि हे विसरून रोपं वाळवणारे लोक मी पाहिले आहेत.

जुन्या सभासदांचा विरोध झाला. मैदान भकास दिसेल, चेंडू हरवतील, पर्यटक येणार नाहीत. मी त्यांना बैठकीत न बोलावता मैदानावर बोलावलं आणि रोज ज्या हेक्टरला आठ टँकर जात होते त्या हेक्टरवर उभं केलं. सगळे पटले नाहीत, पण काही जणांनी पुढच्या हंगामात रोपांसाठी वर्गणी काढली. कुठलं गवत काढायचं हे ठरवताना मात्र ग्रीनला हात लावू नये. खेळाडू फेअरवेबाहेरची कोरडी रफ सहन करतो. खराब ग्रीन एकदा अनुभवली की तो दुसरीकडे जातो आणि चार जणांना सांगतो.

४. ऑक्टोबर विकू नका

इथल्या मैदानांवर बहुधा बर्म्युडा गवत असतं, नाहीतर खारं पाणी सोसणारं पॅस्पालम. बर्म्युडा उन्हाळ्यात जोमाने वाढतं आणि हिवाळ्यात फिकं पडतं. ते फिकेपण झाकण्यासाठी शरद ऋतूत त्यावर राय गवताचं बी पेरायची रीत आहे. पेरणीच्या काळात कोवळी रोपं जगवायला दिवसातून अनेकदा पाणी द्यावं लागतं, काही आठवडे मैदान पूर्ण किंवा अर्धं बंद ठेवावं लागतं, आणि वसंतात राय मरतं तेव्हा खालचं बर्म्युडा सावरेपर्यंत पुन्हा मैदान विटकं दिसतं. ही पेरणी नेमकी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. चार महिन्यांच्या उकाड्यानंतर खेळाडू ज्या आठवड्यांची वाट बघत असतो, त्याच आठवड्यांत आम्ही फाटकावर बंदची पाटी लावत होतो.

ज्या क्लबात टीव्हीवर दिसणारी स्पर्धा आहे, त्याला हिरवा रंग विकत घ्यावाच लागतो. आम्हाला नाही. किनाऱ्यालगत हिवाळ्याची रात्रसुद्धा इतकी थंड नसते की बर्म्युडा पूर्ण झोपी जाईल. फेअरवेवरची पेरणी थांबवली, फक्त टीवर आणि सरावाच्या जागेवर ठेवली. बियाणं वाचलं, पाणी वाचलं, पण खरा फायदा ऑक्टोबरमध्ये उघड्या राहिलेल्या सकाळ-संध्याकाळींचा. जानेवारीत गवत थोडं तपकिरी दिसतं. त्याची तक्रार येते, आणि मी ती ऐकून घेते.

५. रिकामी गेलेली वेळ परत विकता येत नाही

सकाळी सात वाजता पहिल्या टीवर कुणी उभं राहिलं नाही, तर ती सातची वेळ एसटीतल्या रिकाम्या सीटसारखी गेली ती गेली. पाणी दिलेलंच होतं, गवत कापलेलंच होतं, माणसांचा पगार चालूच होता. शंभर जण खेळले काय आणि चाळीस खेळले काय, खर्च जवळपास तोच. म्हणून मैदान चालवणाऱ्याने सकाळी उठून काल किती पैसे आले यापेक्षा उद्याच्या कुठल्या वेळा रिकाम्या आहेत ते आधी पाहावं.

यातून सरसकट सवलतीचा मोह होतो. तो टाळलेला बरा. शनिवारची सकाळ स्वस्त करून काहीच मिळत नाही, ती तशीही भरते. मंगळवारी दुपारी तीनला कोण येऊ शकतो, हा प्रश्न विचारला तेव्हा आम्हाला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या परिचारिका, विमानतळावरचे कर्मचारी, शाळेतून अडीचला सुटणारे शिक्षक सापडले. त्यांना चार-पाच तासांचा खेळ नको होता. तीन किंवा सहा होल पुरेसे होते. आम्ही होलवर दर लावला. जुन्या खेळाडूंना हा खेळाचा अपमान वाटला. मला मात्र ते भाजीबाजारात पावशेर मागण्याइतकं रास्त वाटतं: ज्याला जेवढं लागतं तेवढं द्यावं.

उन्हाळ्यात दिवस विकता येत नाही, रात्र विकता येते. एमिरेट्स क्लबच्या फाल्डो मैदानावर प्रकाशझोतात अठराही होल खेळता येतात. आम्हाला एवढे दिवे परवडणार नव्हते. सरावाचं मैदान आणि क्लबघराजवळचे शेवटचे काही होल उजळले. विजेचं बिल वाढलं, पण जूनमध्ये रात्री नऊला गाड्या लावायला जागा नसते.

६. गेल्या वर्षीच्या मार्चशी यंदाच्या मार्चची तुलना करू नका

हे खास इथलं आहे आणि बाहेरून आलेल्या सल्लागारांना ते हमखास चुकतं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०१८ मध्ये तो मेच्या मध्यावर सुरू झाला, म्हणजे तसाही मंदीचा काळ. २०२५ मध्ये तो १ मार्चला आला, म्हणजे ऐन हंगामात. रमजानात कामाचे तास कमी होतात, दिवसा उपाहारगृह जवळपास रिकामं, कंपन्यांच्या स्पर्धा बंद. उलट इफ्तारनंतर सरावाच्या मैदानावर गर्दी. ज्याने मार्चची तुलना मागच्या मार्चशी केली त्याला घसरण दिसते आणि तो माणसं कमी करायला निघतो. मी दोन कॅलेंडरं शेजारी लावून अंदाज बांधते, आणि मालक संस्थेला आधीच कळवते की पुढची काही वर्षं हंगामाचा कुठला तुकडा रमजानाखाली जाणार आहे.

आठवड्याची सुट्टीही बदलली. जानेवारी २०२२ पासून देशाच्या सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार अर्धा आणि शनिवार-रविवार सुट्टी झाली; शारजाने शुक्रवारसुद्धा पूर्ण सुट्टीचा केला. त्याआधीची सगळी आकडेवारी एका झटक्यात जुनी झाली. शुक्रवारी सकाळी शारजातल्या मुलांना शाळा नसते, हे लक्षात घेऊन आम्ही मुलांचे वर्ग त्या वेळी हलवले. आता आमची शुक्रवारची सकाळ बाकी आठवड्यापेक्षा गजबजलेली असते.

७. यंत्र जुनं चालेल, पातं बोथट चालणार नाही

तोटा दिसला की पहिली कात्री माणसांवर चालते. ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलं जातं. तिथे एक दिवस दुर्लक्ष झालं तर आठवडाभर भोगावं लागतं. आमच्याकडे गवत कापणारे, बंकरमधली वाळू ओढणारे, नळी धरणारे लोक तेलंगणातले, राजस्थानातले, नेपाळ आणि बांगलादेशातले. यंत्रं दुरुस्त करणारे चाचा आपल्या रत्नागिरीकडचे. मी नवी होते तेव्हा एकदा ते मला फेअरवेवर घेऊन गेले, गवताचं एक पान खुडून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हे टोक बघा. कापलेलं नाय, फाडलेलं हाय. पातं बोथट झालंय." फाटलेल्या टोकातून पाणी उडून जातं, टोक पांढुरकं पडतं, रोग शिरतो. म्हणजे पात्याला धार लावायला लागणारा तास वाचवला, तर त्याची किंमत पाण्यात आणि औषधात मोजावी लागते. तेव्हापासून धार लावण्याच्या यंत्राची देखभाल माझ्या बजेटमध्ये कधी कापली गेली नाही.

१५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला या देशात कायद्याने बंदी आहे. काही व्यवस्थापक या विश्रांतीकडे वाया गेलेले तास म्हणून पाहतात. मला हा नियम कमी वाटतो. अकरा वाजताही इथे माणूस उभा राहू शकत नाही. आम्ही उन्हाळ्यात पहाटे चारला काम सुरू करतो आणि दहाच्या सुमाराला जड कामं थांबवतो. त्याने खर्च वाढला नाही. माणसं टिकली, आणि टिकलेल्या माणसाला मैदानाचा प्रत्येक उंचवटा पाठ असतो. नव्या माणसाला तो शिकायला एक हंगाम जातो, आणि त्या हंगामाची किंमत कुणी लिहून ठेवत नाही.

८. न खेळणाऱ्यांसाठी फाटक उघडा

स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज हे गोल्फचं सगळ्यात पूज्य ठिकाण. तिथली मैदानं सार्वजनिक आहेत. १९७४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला ट्रस्ट ती चालवतो. तिथल्या ओल्ड कोर्सवर एरवी रविवारी खेळ नसतो. गावकरी तिथे फिरतात, मुलं धावतात, कुत्री खेळतात. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गवतावर आठवड्यातून एक दिवस गावाचा हक्क असतो, हे वाचलं तेव्हा मला आमच्या कुंपणाची लाज वाटली.

आम्ही मैदानाच्या कडेने चालण्याची वाट केली, चेंडू लागू नये म्हणून जाळी लावली, आणि पहाटे व संध्याकाळी ती सगळ्यांना मोकळी केली. पोशाखाचा नियम सैल केला. कॉलरचा शर्ट नसलेल्या बापाला आपल्या मुलीबरोबर चेंडू मारून बघता आला पाहिजे. उपाहारगृहात महागड्या पदार्थांच्या जागी चहा, सामोसा, शावरमा आणला. रस्त्यापलीकडच्या इमारतींमधली कुटुंबं पहिल्यांदा आत आली. त्यातली बरीच भारतीय, काही आपली मराठी. गोल्फ हा साहेबाचा खेळ, आपला नाही, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

भारतात या खेळाला एक मागचं दार होतं. दिल्लीच्या मैदानावर कॅडीचं, म्हणजे खेळाडूची बॅग वाहण्याचं, काम करत मोठा झालेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. इथे कॅडीची पद्धत नाही, खेळाडू बॅटरीच्या गाडीतून फिरतात, त्यामुळे ते दारच नाही. मग दुसरं दार कुणीतरी मुद्दाम ठेवावं लागतं. आमच्याकडे चेंडू गोळा करणारी मुलं आठवड्यातून एक संध्याकाळ स्वतः खेळतात, प्रशिक्षकासह, विनाशुल्क. त्यातला एक जण आता नवशिक्यांचे वर्ग घेतो. हा कार्यक्रम पैसे मिळवत नाही. तो बंद करायचा प्रस्ताव जेव्हा जेव्हा आला, तेव्हा मी त्याला ठामपणे विरोध केला आहे.

९. तोट्याला नावं द्या

१६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा पाऊस पडला. अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर, देशात वर्षभरात सरासरी शंभराच्या आसपास पडतो. आमचे खालच्या बाजूचे होल तळी झाले आणि खेळ बरेच दिवस बंद राहिला. त्या महिन्याच्या पत्रकात फक्त बुडालेलं उत्पन्न दिसलं. पण आसपासच्या रस्त्यांवरून आलेलं पाणी कुठेतरी साठलं, आणि ते आमच्या मोकळ्या जमिनीवर साठलं. तिथे इमारती असत्या तर ते तळघरांत शिरलं असतं.

त्यानंतर मी पत्रक बदललं. पूर्वी एकच ओळ होती: वार्षिक तोटा. आता तिची फोड करते. मुलांच्या आणि शाळांच्या वर्गांना दिलेली सवलत, एक ओळ. रहिवाशांचा दर आणि बाजारदर यांतला फरक, एक ओळ. चालण्याच्या वाटेची देखभाल, घाफची लागवड, पावसाचं पाणी धरण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा, प्रत्येकाची वेगळी ओळ. या सगळ्यांवर संस्थेला हो किंवा नाही म्हणता येतं. त्याखाली वेगळ्या रंगात उरतो तो आमच्या ढिलाईचा तोटा: गळती, रिकाम्या वेळा, वाया गेलेलं खत, बिघडलेली यंत्रं. त्याचा जाब माझ्याकडे मागावा, असं मी स्वतःच लिहून दिलं आहे.

पहिल्यांदा हे पत्रक मांडलं तेव्हा बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका वयस्क अमिराती सदस्याने विचारलं, की मुलांचे वर्ग या आकड्यात होत असतील तर आपण दुप्पट का करत नाही? दुसऱ्याने पर्यटकांच्या दराला हरकत घेतली. वाद झाला, पण तो पहिल्यांदाच नेमक्या गोष्टींवर झाला. मैदान ठेवायचं की विकायचं या जुन्या भांडणावर कुणी गेलं नाही. वर्गांचं अनुदान मंजूर झालं, चालण्याच्या वाटेचंही. घाफच्या दुसऱ्या टप्प्याला नकार मिळाला. रोपं जगली आहेत ते आधी दाखवा, असं सांगण्यात आलं. ते दाखवायचं काम सध्या चालू आहे. ढिलाईच्या रकान्यात यंदा सगळ्यात मोठी नोंद अजूनही गळतीचीच आहे, आणि उन्हाळा लागायच्या आत पंपघरापासून चौथ्या होलपर्यंतची जुनी पाइपलाइन बदलायची आहे.